तिन्ही गोळ्या एकदम

१२ ऑगस्ट, देगलूर
सुमनला सातवा लागला. आई हवेत. सकाळी पूजा आटोपली की तांब्या घेऊन सुनेपुढे उभी. लोहाची गोळी, कॅल्शियमची आणि तिसरी. तिसरी एचआयव्हीची, हे आईला माहीत नाही. मीच ती कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून ठेवली. सांगितलं, तिन्ही बाळासाठीच. आई एक दिवस चुकू देत नाही. माझ्या अकलेवर मीच खूश.
माझीही तीच गोळी, ती मी दुकानात घेतो, डबा खाल्ल्यावर.

२ सप्टें.
नांदेडला एचआयव्हीच्या दवाखान्यात, एआरटी केंद्रात, दोघांचे रिपोर्ट मिळाले. माझ्या रक्तात विषाणू दिसत नाही. तिच्या दिसतोय. दोन वर्षं दिसत नव्हता, आणि आता, बाळ पोटात असताना.
बसमध्ये विचारलं, गोळ्या चुकवतेस का? नरसीचा थांबा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. रोग तिला माझ्याकडूनच आला, आणि वर मीच उलटतपासणी घेतोय. लाज वाटली.

५ सप्टें.
सगळ्या गोळ्या घेऊन परत बोलावलं होतं. समुपदेशक ताईंनी विचारलं, कधी घेता, कशासोबत? मी ऐटीत सांगितलं, तिन्ही एकदम, सकाळी उपाशीपोटी. त्यांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, उपाशीपोटी लोह-कॅल्शियमसोबत घेतली की एचआयव्हीची गोळी अंगात नीट उतरतच नाही. जेवणासोबत तिन्ही चालतात. नाहीतर ही आधी, बाकीच्या निदान दोन तासांनी. मनानं काही बंद करायचं नाही. अ‍ॅसिडिटीचं औषधसुद्धा विचारून.
बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान माझं. दिवसातून दहा जणांना सांगतो, मामा, दोन औषधं एका पंपात कालवू नका. आणि घरी...
सुमनची माफी मागितली. "म्या एक बी चुकवली न्हाई," म्हणाली. एवढंच.

६ सप्टें.
आईला म्हटलं, आजपासून गोळ्या न्याहारीनंतर. ऐकेना. औषध अनशापोटीच लागू पडतं, हे तिच्या आईपासून चालत आलेलं. सुमन म्हणाली, आता सांगून टाका.
सांगितलं. माझ्यापासून सुरुवात केली, ते उपाशीपोटी ती गोळी वाया जाते इथपर्यंत. आई खाली बसली. म्हणाली, "माझ्याच हातानं देत राहिले की रे."


७ सप्टें.
आई कालपासून जेवली नाही. सकाळी मात्र पूजेच्या आधी सुमनला दूध-भाकरी कुस्करून दिली. असं आमच्या घरी कधी झालं नव्हतं. वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसली, मग गोळ्या दिल्या. माझ्याकडे बघत नाही. हक्क आहे तिचा.

१४ ऑक्टो.
नववा लागला. गेल्या आठवड्यात रक्त पुन्हा दिलं, रिपोर्ट उद्या. विषाणू दबला असेल तर बाळाला धोका अगदी थोडा. नसेल तर बाळंतपण कसं करायचं, बाळाला काय द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील. दुकानात आज दोनदा हिशेब चुकला. भीती वाटते, लई.
सुमनला आता प्रवास नको. तिची आई आलीय सोबतीला. नांदेडला मी एकटाच जाणार होतो. संध्याकाळी बघतो तर माझ्या आईनं दशम्या बांधल्या, लुगडं काढून ठेवलं. म्हटलं, तू कशाला, दिवसभर ताटकळावं लागतं.
महिन्याभरात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.
"चूक आपल्या दोघांची हाय. ऐकायला बी दोघंच जाऊ."