वाकड्या करंगळीचा हात

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. आईस,
सत्यभामाचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. हे पत्र बाबा ड्यूटीवर गेल्यावर वाच. तुझे लाडू मैत्रिणींनीच फस्त केले. माझं हल्ली जेवणात लक्ष नाही.

चित्र मात्र झालं. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी बाकीच्यांनी देवळं काढली, तलाव काढले. मी काढला एक तळहात. दाराएवढा, पिवळ्यावर लाल. सर म्हणाले, "हे काय, फॅक्टरीची पाटी?" मी म्हटलं, "हो सर, जवाहरनगरची."

आठवतं ना? बाबांना फॅक्टरीच्या फाटकांसाठी 'थांबा'च्या पाट्या रंगवायच्या होत्या. त्यांनी तुला चुलीपुढून उठवलं, तुझा हात पुठ्ठ्यावर ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली.

"लवकर करा जी, भात करपून राहिला."

"हालू नको वं. करंगळी सरळ कर."

"कशी करू? इळा लागला तवापासून वाकडीच हाये."

बाबांनी ती तशीच उतरवली. त्याच पुठ्ठ्यावरून सगळ्या पाट्या झाल्या, आणि कुठल्या साहेबाच्या लक्षातही आलं नाही! इथे चौकातल्या पाटीवर सरळ करंगळी दिसली की मला उगाच परकं वाटतं.

आई, तुझा हात पाहून दारूगोळ्याचा ट्रक उभा राहतो. साहेबाची जीपसुद्धा. आणि घरात तू कधी कोणाला थांब म्हणाली नाहीस. आजोबांनी तुझी शाळा बंद केली तेव्हाही नाही.

रविवारी सानगडीचे पाहुणे सुपारी फोडायला येणार, हे मला तुलारामकाकांच्या पत्रातून कळलं. तू का नाही लिहिलंस? मुलगा वाईट नसेल ग. पण लग्नानंतर चित्रंबित्रं चालणार नाहीत, असा त्यांचा निरोप आहे म्हणे. आणि बाबा हो म्हणून बसले! माझं एकच वर्ष उरलंय. मला भीती वाटते, आणि रागही येतो. तुझासुद्धा.

बाबा माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील की नाही, ठाऊक नाही. तू कधी सांगून पाहिलंच नाहीस.

रविवारी चहा घेऊन बाहेर येशील, तेव्हा ट्रे खाली ठेव आणि एकदा, माझ्यासाठी, हात वर कर. करंगळी वाकडी असू दे. त्या हाताला सगळे थांबतात.

तुझ्याच हाताकडे पाहत बसलेली,
सत्या