भिंतीकडे तोंड केलेला आरसा

दि. ३ ऑगस्ट

चि. छोटीस बाबांचे आशीर्वाद.

तुझं पाकीट येऊन दीड महिना झाला. उत्तराला एवढा उशीर केला, रागावू नकोस. हात कापतो, शिक्षण चौथीपर्यंतचं, हे तुला ठाऊकच आहे. पण खरं कारण ते नाही. मी पाकिटातल्या फोटोची शहानिशा करत होतो.

फोटोत मागे 'टकलूंचा मेळावा' असा फलक, स्टेजवर तू उघड्या डोक्याने हसतेस आणि लोक टाळ्या वाजवतात. असं कुठे असतं का? आधी वाटलं, तुझी टिंगल चालली आहे. मग वाटलं, ही तू नव्हेसच, दुसऱ्याच कोणाला उभं करून मला चिडवण्याचा जावईबापूंचा डाव असेल. भिंग घेऊन खिडकीशी बसलो. डाव्या कानामागे तीळ दिसला. अकराव्या वर्षी चाई लागून तुझे केस गेले, तेव्हापासून तुझा केसांचा टोप मी त्याच तिळाच्या खुणेवर बसवत आलो. तीळ खोटा नाही.

बाकी इथे ठीक. गुडघा दुखतो. टोपांच्या दुकानात आता कोणी फिरकत नाही. परवा बँकेतला कारकून आला, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. कागदात गुंडाळलेला टोप टेबलावर ठेवला.

"काका, हा ठेवून घ्या. आता नको."

"का? खाज येते? जाळी बदलून देतो."

"नाही हो. आमच्या साहेबांचंच डोकं तुळतुळीत. नवीन पोरं तर मुद्दाम भादरून येतात. मीच एकटा टोपाखाली उकडून निघतो."

"दुसरीकडे करायला टाकलात ना? खरं बोला."

"अहो, डोकं बघा की! काय दिसतंय यावर?"

मला पटलं नाही. शटर अर्धं ओढलं आणि त्याच्या मागे चौकापर्यंत गेलो. त्याने पेपर घेतला, कोणा बाईशी बोलला, पोरांच्या घोळक्यातून गेला. एकानेही वळून पाहिलं नाही. मीच खांबाआड उभा, म्हणून पेपरवाली ओरडली, "आजोबा, पाळत कोणावर?"

आपल्या दुकानाची रीत तुला माहीत आहे. टोप चढेपर्यंत आरशाचं तोंड भिंतीकडे. गिऱ्हाइकाने स्वतःला उघडं पाहायचं नाही. दुकानात ते ठीक होतं. मी तुझ्या खोलीतलाही आरसा फिरवला. टाळूला फोड आले तरी झोपताना टोप काढू दिला नाही. लग्नाआधी जावयांना सांगू दिलं नाही. नंतर तूच सांगितलंस, आणि ते नुसतं "बरं" म्हणाले, यावरही माझा विश्वास बसला नाही. शेवटचं निघताना तू म्हणालीस, "बाबा, लाज मला नव्हती, तुम्हाला होती." मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच केलं. सहा वर्षं एकटा बसून तेच म्हणतोय.

आता एक विचारतो. फोटोत तुझ्या शेजारी रिकामी खुर्ची आहे आणि मागे तू लिहिलंस, "ही तुमची." माझी कशी? तुझ्या आईशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. तिने जाण्याआधी सांगितलं का? की बाबांचे केस तीस वर्षं वाढतही नाहीत, पिकतही नाहीत, हे तू लहानपणीच ओळखलं होतंस?

आज सकाळी दाराला कडी लावून आरसा सरळ केला. टोप काढला. कपाळापासून मानेपर्यंत थेट तुझंच डोकं आहे गं.

पुढचा मेळावा या महिनाअखेरीस आहे म्हणतेस. दारातच फोटो काढतात का? टोपी घालून आलं तर चालेल का, निदान खुर्चीपर्यंत? आणि ती खुर्ची एव्हाना दुसऱ्या कोणाला दिली तर नाहीस ना? दोन ओळी लगेच टाक. पोस्टमन रोज "काही नाही" म्हणतो, आणि मला त्याचाच संशय येतो.

तुझ्या डोक्याचं माप अजून पाठ असलेला,
बाबा