चौऱ्याऐंशी चौकटींचा फळा

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, राग मानू नकोस. चष्म्याच्या दुकानात सध्या भिंगं बसवणारी मी एकटीच उरले आहे, जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली. सकाळी यांचं आवरायचं, दुपारपर्यंत दुकान, मग परत यांचं. थकले रे. तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून लिहिते.

आता कामाचं. यांचा संगणक रोज उघडला की बजावतो, या विंडोजला यापुढे सुधारणा मिळणार नाहीत, नवी घ्या. नवी घ्यायला जावं तर तोच सांगतो, या जुन्या यंत्राला ती झेपायची नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शिवाय इतका मंद झालाय की यांनी पाण्याच्या चित्रावर माउस दाबला की आवाज येईपर्यंत मी पाणी आणून दिलेलं असतं.

तुला माहीत आहेच, अडीच वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर यांना कळतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही आणि उजवा हात गेलेला. वाचा-उपचारवाल्या बाईंनी त्यांना पडद्यावर चौऱ्याऐंशी चौकटींचा फळा करून दिला. चित्र दाबलं की यंत्र बोलतं. तोच यांचा आवाज. त्या बाई गाव सोडून गेल्या, पत्ता नाही. तेव्हा संगणक मेला तरी चालेल, फळा जगला पाहिजे. विंडोजच्या जागी तुझं ते पेंग्विनवालं लिनक्स घातलं तर हे होईल का?

फोन करू नकोस. मी बोलायला लागले की हे आतून ऐकत बसतात, मध्ये तोंड घालता येत नाही म्हणून चेहरा पडतो. पत्र आम्ही दोघं वाचतो. ते बरं.

वेधशाळेत थंडी असेल, कानाला बांधत जा.
तुझी,
ताई


१० ऑक्टोबर

ती. सौ. ताईस आणि भाऊजींस,
सा. न. वि. वि.

लिनक्सने नक्की होईल. इथे वारा मोजणारं आमचं यंत्र त्याच्यावरच चालतं आणि ते तुमच्या यंत्राहून म्हातारं आहे. फळ्याचा प्रोग्राम विंडोजचा आहे, पण लिनक्समध्ये एक दुभाषा प्रोग्राम मिळतो, त्याच्या मदतीने चालवू.

पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल. स्टार्टचं बटण जागेवर नसेल, सी ड्राइव्ह शोधून सापडणार नाही. यंत्राला हुकूम टाइप करायची एक काळी खिडकी असते, तिच्यात पासवर्ड टाकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. यंत्र झोपलं असं समजून पुन्हा पुन्हा बडवू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, दाराची घंटासुद्धा तू तीनदा वाजवतेस.

तूर्त एवढंच कर. यंत्राची धूळ झाड, टेबल रिकामं कर, यूपीएसची बॅटरी टिकते का बघ. पुढचं एकेक लिहून पाठवतो. हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, तेव्हा पत्रातलं अक्षर न अक्षर पाळ आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस.

भाऊजींना सांग, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरचं यंत्र असं अडकावं हे शोभत नाही.
थोरल्या बहिणीचा लोभ गृहीत धरणारा,
धाकटा


२१ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत पेनड्राइव्ह आहे. मागच्या पत्रात लिहिलेलं सगळं झालं असेल असं धरून चालतो. झालं नसेल तर पुढे वाचू नकोस.

पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू कर आणि लगेच एफ-बारा दाबत राहा. (इथे तीनदा दाबलंस तर चालेल.) भाषा निवड. मग विचारेल, विंडोजशेजारी बसवू की सगळं पुसून बसवू. सगळं पुसून, हे निवड. तुमची डिस्क इतकी लहान आहे की दोघं नांदणार नाहीत. छातीत धस्स होईल, पण मागच्या पत्राप्रमाणे केलं असशील तर काहीही जात नाही.

मला डिसेंबरपर्यंत रजा नाही, नाहीतर स्वतःच आलो असतो. भाऊजींना नमस्कार.
तुझा,
धाकटा


२७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण आज कोरडेच.

तू लिहिलंस ते अक्षर न अक्षर केलं. धूळ झाडली, टेबल रिकामं केलं, बॅटरी बघितली. रविवारी हे शेजारी खुर्ची ओढून बसले. सगळं पुसू का, असं यंत्राने विचारलं तेव्हा माझा हात थबकला. यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवून दाब अशी खूण केली. मला वाटलं, धीर देतायत. मी दाबलं.

अर्ध्या तासात लिनक्स आलं. दिसायला छान आहे, चालतंही चटचट. फक्त फळा नाही. चित्रं नाहीत, आवाज नाही, काहीच नाही. दोन तास शोधलं, मग समजलं की पुसणं म्हणजे पुसणंच असतं.

धाकट्या, फळा जगला पाहिजे हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं ना रे? त्याची नक्कल आधी काढून ठेव, एवढं एक वाक्य तुला लिहिता आलं नाही? डोकं चालवू नकोस म्हणालास, नाही चालवलं. मी माझ्या हाताने नवऱ्याचा आवाज पुसला. हे गप्प बसून आहेत. म्हणजे गप्प तर होतेच, आता काय म्हणायचं तेच कळत नाही. दुकानात दोन भिंगं फोडली.

सध्या लोभ कमी पडतोय, तुटलेला नाही.
ताई


१ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. ताई, मी सोळा तारखेला एक पत्र टाकलं होतं. तीन पानी. त्यात दुसरं काहीच नव्हतं, फळ्याची नक्कल दोन ठिकाणी कशी काढायची एवढंच होतं, आणि शेवटी लाल शाईत लिहिलं होतं की हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मागचं पत्र म्हणजे मी ते म्हणत होतो. तू धूळ झाडायचं धरलंस. ते पत्र पोचलंच नाही का? पत्रांवर आकडे घालायला हवे होते, पोचल्याचं उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं. चूक माझीच आहे. दोन दिवस जेवण जात नाही.

पुसलेलं परत आणायला इतक्या दिवसांनी काही उरलेलं नसतं. तेव्हा नवीन उभं करू. लिनक्समध्ये पडद्यावर उमटणारा मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आयताच असतो. सेटिंगमध्ये सुलभता असं लिहिलंय तिथे तो चालू कर. सोबतच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर मी एक छोटा प्रोग्राम लिहून पाठवतोय, जे टाइप होईल ते तो बोलून दाखवतो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, त्याला इलाज नाही. भाऊजींना अक्षरं जुळवता येत नाहीत हे मला ठाऊक आहे. तू शब्द टाइप करून साठव, ते नुसते दाबतील. चौऱ्याऐंशी शब्द आठवून लिहायचे, चार दिवसांचं काम.

रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
धाकटा


१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी नेहमीचे.

तुझं सोळा तारखेचं पत्र आलंच नाही. टपाल हेच घेतात, दाराच्या फटीतून पडलं की काठीने ओढून. विचारलं तर यांनी नाही अशी मान हलवली. टपालवाल्याला बोल बोल बोलले, बिचारा ऐकून घेऊन गेला. तुझं जेवण आता जात असेल तर बघ.

आता ऐक. मोठा कीबोर्ड लावला आणि मी शेजारी बसून शब्द आठवत होते. पाणी, औषध, उशी, खिडकी. यांनी माझ्या हातातून माउस काढून घेतला. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत, पुसत, पुन्हा लिहीत पाव तास घालवला. मग तुझा पत्र्याचा डबा बोलला की मला गाजराचं सूप आवडत नाही.

वाचता येईल पण लिहिता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अक्षरं कधी परत आली, कुणी विचारलंच नाही. फळ्यावर खाण्याच्या चौकटी चार होत्या, त्यात सूप एक. अडीच वर्षं मी रोज संध्याकाळी गाजरं किसते आहे. मी पदर तोंडाला लावून रडले, आणि हे लिहीतच होते, की भोपळ्याचंही नको.

कोपऱ्यात धूळ खात पडलेला प्रिंटर लिनक्सने न सांगता ओळखला. पूर्वी त्याने माझ्या नाकी नऊ आणले होते. आता यांना तुला स्वतः पत्र लिहायचंय. मला बघू देत नाहीत.

लोभ पहिल्यासारखा झाला आहे.
ताई


१६ नोव्हेंबर

प्रिय मेहुण्यास,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले, तेव्हा सावकाश वाच.

तुझं सोळा तारखेचं पत्र पोचलं होतं. मी ते काठीने ओढलं, वाचलं आणि खुर्चीच्या उशीच्या खोळीत घातलं. सोबत परत पाठवतो. लाल शाई नजरेत भरते. तू उगाच उपाशी राहिलास आणि टपालवाल्याने उगाच शिव्या खाल्ल्या. दोघांची माफी मागतो.

वर्ष झालं, अक्षरं परत येत होती. खुर्चीच्या हातावर बोटाने गिरवायचो. तुझ्या ताईला दाखवायला वर्तमानपत्रातल्या अक्षरांवर बोट ठेवलं, तिने पान उलटलं. पुन्हा ठेवलं, तिने पुन्हा उलटलं. तिचा दोष नाही. ती दुकानातून येते तेव्हा उभी राहण्याचंही त्राण नसतं.

फळ्याच्या आधी मी खुणा करायचो, तेव्हा लोक जवळ येऊन नीट बघायचे, विचार करायचे. फळा आला आणि सगळ्यांची सोय झाली. पाणी म्हटलं, पाणी आलं, काम संपलं. तुझ्या पत्राप्रमाणे नक्कल निघाली असती तर नव्या यंत्रावर तोच फळा पुन्हा लागला असता, आणि तुम्ही दोघं टाळ्या वाजवल्या असत्यात. मी वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेली लिफ्ट रोज थोडी थोडी सरकत असेल तर मालक कधीच मिस्त्रीला बोलावत नाही. पूर्ण बंद पडली की धावत येतो.

काही दिवस अगदी मुका झालो, ते मला झेपणार होतं. तिचा हात थबकला, तो हिशेबात धरला नव्हता. त्या एका गोष्टीची मला लाज वाटते.

एका हाताने पाकीट धरून कागद आत घालता येत नाही. ते तीच घालेल, म्हणजे वाचेल. वाचू दे. तोंडावर सांगण्याची छाती नाही, म्हणून तुझ्या पत्रातून सांगतो आहे.

लोभ ठेवायचा की नाही, हे दोघांनी मिळून ठरवा.
तुझा,
भाऊजी

ता. क. धाकट्या, पाकिटात घालताना वाचलं. तुला घातलेल्या शिव्या परत घेते. आधी रडले, मग अडीच वर्षांत पहिल्यांदा आम्ही भांडलो. चाळीस वाक्यं माझी, तीन यांची. यांना काय हवं ते मला न बोलता कळतं, असं मी जगाला अभिमानाने सांगत फिरत होते रे. फार राग आला. शेवटी म्हटलं, मी किती थकले आहे हे तुम्हाला तरी कधी कळलं का. यांनी बराच वेळ एकेक अक्षर शोधलं. मग तो पत्र्याचा आवाज म्हणाला, की रोज कळत होतं, पण त्याची चौकट नव्हती.
ताई