अठराशे अठ्ठ्याहत्तरचं कौल

७ जानेवारी

कुलगुरूंचं परिपत्रक. संशोधन सप्ताहात प्रत्येक टेबलावर तीन शाखांची तीन माणसं बसलीच पाहिजेत – शाखाशाखांमधल्या भिंती पाडायच्या आहेत म्हणे. जोड्या लावायचं काम ऑफिसातल्या कारकुनाकडे. त्याने ज्याच्या ज्याच्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘कौल’ दिसलं त्याला एका टेबलावर टाकून दिलं! मी इतिहासवाली – कौलांचा इतिहास लिहिते. वाणिज्यचा हनीफ – कौलांचे व्यापारी कुणावर विश्वास ठेवतात आणि का, हे विचारत गावोगाव फिरतो. तिसरा टेकडीखालच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला ग्लॅडसन क्रास्ता. हा कौलं फोडतो. खरोखर फोडतो, त्यासाठी त्याच्याकडे यंत्र आहे.

मला कुठे वेळ आहे? २७ फेब्रुवारीला प्रबंध द्यायचाय. पाच वर्षं झाली. आता नाही तर कधीच नाही.

८ जानेवारी

अम्मा म्हणाली, “पाच वर्षं लोकांची कौलं मोजतेस. आपल्या न्हाणीवरची तीन सरकलीत, ती कोण बघणार?” मी म्हटलं, ती एकोणीसशे चौऱ्याऐंशीची आहेत, माझ्या कालखंडात बसत नाहीत. दुपारी पानात बांगड्याचं नुसतं डोकं आलं.

१३ जानेवारी

कॅन्टीनमध्ये तिघांची पहिली बैठक. हनीफ आल्या आल्या “अक्का” म्हणाला आणि गोळीबज्यांची – मैद्याच्या गोल भज्यांची – बशी माझ्याकडे सरकवली. पोरगा गुणी आहे. ग्लॅडसन उशिरा आला, बसला आणि म्हणाला, “तुझ्याकडची सहा कौलं दे.”

ही कौलं म्हणजे काय ते याला सांगितलं पाहिजे होतं. नदीकाठच्या पद्मावती कारखान्याची तेवीस कौलं शिल्लक आहेत. पाठीवर कमळ आणि खाली आकडा – १८७८. याच आकड्यावरून आमच्या वारिजा मॅडमनी वीस वर्षांपूर्वी पुस्तक लिहिलं – की कुण्या साहेबाच्या मदतीशिवाय, आपल्याच गावच्या तिम्मप्पाने तेव्हा यंत्राची कौलं काढली. पुस्तक गाजलं. मॅडम मोठ्या झाल्या. त्या माझ्या गाइड, आणि माझा सगळा प्रबंध त्या आकड्यावर उभा आहे. तिम्मप्पा शिकला कुठे, कामगार आणले कुठून – तीनशे दहा पानं.

“सहाच का?” मी विचारलं.

“नियमच आहे. सहाशिवाय सरासरीला अर्थ नाही.”

“मग तुझ्या आजीचे सहा दात आण. त्यांची सरासरी काढू.”

हनीफच्या नाकातून चहा आला. ग्लॅडसन मात्र शांतपणे म्हणाला, “कौल किती आचेवर भाजलंय ते मी सांगू शकतो. जुन्या लाकडाच्या भट्टीतलं निघालं तर तुझ्या सालाला पुरावा मिळेल. नुसत्या शिक्क्यावर किती दिवस राहणार आहेस गं मारायती, बाई माझे?”

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. धारवाडचे बाहेरचे परीक्षक मागे हेच म्हणाले होते – ‘शिक्क्याखेरीज दुसरं काही आहे का?’ त्यांचं तोंड बंद करायला मला आवडेल. फार आवडेल.

१८ जानेवारी

सहा कौलं अम्माच्या जुन्या साड्यांत गुंडाळून बसमधून मांडीवर नेली. कंडक्टरने विचारलं, “बाळ किती महिन्यांचं?”

ग्लॅडसनने पहिलं यंत्रात ठेवलं. मी डोळे मिटले. पापड मोडावा तसा आवाज झाला. एवढंच. दीडशे वर्षं संपायला एवढाच वेळ लागतो!

“छान मोडलं,” तो म्हणाला. हा माणूस कौतुकसुद्धा अशा गोष्टीचं करतो.

तुकडे दळून कुठल्याशा दुसऱ्या यंत्रात घालायचेत, पंधरा दिवस लागतील म्हणे. परतीच्या बसमध्ये मांडी मोकळी मोकळी वाटली.

२७ जानेवारी

संशोधन सप्ताह सुरू. काय काय शोधतात लोक! शेजारच्या टेबलावर वाणिज्यची एक मुलगी – मासळी बाजारात बायका सकाळी जास्त घासाघीस करतात की संध्याकाळी, चार वर्षांचा अभ्यास. निष्कर्ष: संध्याकाळी. हे अम्माने फुकट सांगितलं असतं. तिच्यासोबत करवंटीचं काँक्रीट करणारा एक, आणि आमच्या विभागातले भट सर – एका देवळाच्या एका घंटेवर अकरा वर्षं. तिघांना का एकत्र बसवलं ते त्यांनाही माहीत नाही, पण करवंटीवाल्याने घंटा किती जाड आहे असं विचारलं आणि भट सर तासभर बोलत राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं बिचाऱ्यांना.

पलीकडे केळीच्या खुंटाचा कागद, रिक्षावाल्यांचा नफा, टिपू सुलतानाच्या काळातला चुना. कुलगुरू आमच्या टेबलाशी आले, कौल उचललं, म्हणाले, “आमच्या आजोळी हीच होती.” मग फोटो काढून पुढे गेले. त्यांच्या मागून मॅडम आल्या. त्यांनी ते कौल नीट जागेवर ठेवलं, ग्लॅडसनकडे बघून विचारलं, “तपासणीचा निकाल कधी येणार?” तो म्हणाला, चार दिवसांत. “बरं,” म्हणाल्या. मॅडम कधीच फार बोलत नाहीत.

३१ जानेवारी

ग्लॅडसन टेकडी चढून स्वतः आला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. याने आजवर जिना चढायलाही कुरकुर केलीय.

म्हणाला, सहाही कौलं एकसारखी भाजलीत. मी म्हटलं, बरंच झालं की. तर म्हणे, बरं नाही. लाकडाच्या जुन्या भट्टीत तळची करपतात, वरची कच्ची राहतात, म्हणजे सहांच्या सहा तऱ्हा दिसायला हव्या होत्या. इतकी सारखी आच फक्त खणाखणांच्या भट्टीत मिळते, जिथे आग एका खणातून दुसऱ्यात फिरत राहते. “पद्मावतीत तशी भट्टी कधी बांधली?”

मला पाठ आहे. एकोणीसशे बारा, म्हणजे शिक्क्यावरच्या सालानंतर चौतीस वर्षांनी. माझंच चौथं प्रकरण, पान एकशे साठ.

मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, दुसऱ्या तीन कारखान्यांची उत्तरं त्याच यंत्रावर बरोबर आलीत. मी म्हटलं, मग तू बिघडलायस. तो जिना उतरून गेला.

१ फेब्रुवारी

आणखी सहा कौलं नेऊन दिली. “फोड,” म्हटलं.

१२ फेब्रुवारी

तीच आच. सहाही.

१३ फेब्रुवारी

हनीफ दाराशी घुटमळत होता. “अक्का, एक सांगायचं होतं. पण तुमच्या विषयात मी कशाला तोंड घालू, म्हणून...”

दोन वर्षांपूर्वी हा रत्नागिरीला गेला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या कौलवाल्याने सांगितलेलं याने लिहून ठेवलंय: पद्मावतीने दाबयंत्र नवं घेतलंच नव्हतं. बंद पडलेल्या कुठल्या तरी कारखान्याचं जुनं उचललं, त्याबरोबर साचाही आला – कमळ, १८७८, सगळं त्यांचंच. पुढे पद्मावतीने स्वतःचा नवा साचा केला, साल काढून टाकलं. तर रत्नागिरी-मालवणच्या व्यापाऱ्यांनी जहाजभर माल परत पाठवला! ‘सालाचं कौल पाठवा, हे नवं आम्हाला नको.’ कौल तेच, माती तीच. पण जुन्या सालावर लोकांचा भरवसा. मग काय, जुना साचा परत लावला, तो कारखाना बंद होईपर्यंत.

“कुठे लिहिलंयस हे?”

“माझ्या प्रबंधात. पान एकशे बारा. गिऱ्हाइकाच्या विश्वासाचं उत्तम उदाहरण म्हणून.”

दोन वर्षं! समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर! मी तिकडे कधी फिरकलेही नाही, कारण वाणिज्यवाल्यांच्या प्रबंधात नुसते टक्के असतात असं मीच सगळ्यांना सांगत आले.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुम्हाला माहीत असणार. इतिहास तुमचा ना.”

१५ फेब्रुवारी

देजप्पण्णाकडे गेले. पद्मावतीच्या भट्टीवर तो चाळीस वर्षं, त्याआधी त्याचा बाप. माझ्या प्रबंधात त्याच्या मुलाखतीची बावीस पानं आहेत. पुनर्पुळीचं, म्हणजे कोकमाचं, सरबत दिलं त्याने. मी विचारलं, यंत्र जुनं घेतलेलं होतं?

“हो तर. माझ्या बापाने होडीतून उतरवलंय.”

“मग मला का नाही बोललास अण्णा?”

“तू विचारलंस, कारखान्याचं साल काय. मी म्हटलं, कौलावर लिहिलंय. ते खरं आहे का, असं कुठे विचारलंस पोरी?”

बावीस पानं परत वाचली. खरंच नाही विचारलं.

१६ फेब्रुवारी

अकरा दिवस उरले. मॅडम २८ला निवृत्त होतायत. निरोप समारंभात त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार आहे, मुखपृष्ठावर तेच कौल. आणि माझ्या प्रबंधावर त्यांची सही लागते. सही नाही तर प्रबंध नाही, पाच वर्षं पाण्यात.

ग्लॅडसन म्हणतो, आत्ता आहे तसा दे, पदवी घे, मग खरं काय ते लिही. हनीफ म्हणतो, तळटीप टाका अक्का, तळटीप कोण वाचतं. दोघंही माझ्या भल्याचंच सांगतायत. मला दोघांचाही राग आला.

मी मॅडमना घाबरते. आणि त्यांच्यावर माझा जीवही आहे. अप्पा गेले तेव्हा मी सगळं सोडून घरी बसले होते – मॅडम स्वतः घरी आल्या, अम्माशेजारी जमिनीवर बसून नीर दोसा खाल्ला, आणि जाताना फक्त म्हणाल्या, “सोमवारपासून ये.” त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांचं पुस्तक खोटं पाडू?

१७ फेब्रुवारी

तळटीप लिहिली. सहा ओळी, बारीक टाइपात. वाचून पाहिली. माझी मलाच लाज वाटली. खोडली.

२१ फेब्रुवारी

दुसरं प्रकरण नव्याने लिहिलं, पहिलं फिरवलं, शीर्षक बदललं. आता प्रश्न असा – कारखाना किती जुना हा नाही, तर लोकांना तो जुना का हवा होता. व्यापाऱ्यांना हवा होता. मालकाला हवा होता. आम्हा इतिहासवाल्यांना तर सगळ्यांत जास्त. खरं सांगायचं तर प्रबंध आधीपेक्षा चांगला झालाय, आणि हे मान्य करायला मला फार त्रास होतोय.

हनीफ आणि ग्लॅडसन यांची नावं आभाराच्या पानावर नाही टाकली. मजकुरात टाकली, त्यांच्या पुराव्याशेजारी. हनीफ लाजला. ग्लॅडसन केळ्याचे गरम बन्स घेऊन आला होता, खाता खाता म्हणाला, “मी कौलं फोडली, तू पुस्तक फोडलंस. आता तुलाच यंत्रावर बसवतो.” अजून बरंच काही बोलायचं असावं त्याला. बन्स संपेपर्यंत धीर झाला नाही बहुतेक. मीही विचारलं नाही, आत्ता डोक्यात जागा नाही.

२२ फेब्रुवारी

मॅडमच्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “मॅडम, दुसरं प्रकरण आधी वाचा. १८७८ चुकीचं आहे.” एवढं बोलायला मी पाच वेळा घसा खाकरला. त्यांनी चष्मा लावला, शीर्षक वाचलं, चष्मा काढला. “सोमवारी ये.”

घरी आल्यावर अम्माला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी रडेन. मी शिडी लावून न्हाणीवरची तीन कौलं बसवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रबंध त्यांच्यासमोर होता, सगळा वाचलेला. मी उभीच राहिले. मॅडम म्हणाल्या, “पुस्तक आलं त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात मला सालाची चूक कळली होती. तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही, मग उशीर होत गेला. तुझ्याआधी चार जणांना हाच विषय दिला मी. चौघांनी माझंच पुस्तक मला परत लिहून दिलं, आणि मी चौघांनाही सही दिली. नवी आवृत्ती मी काल थांबवली. बस आता, आणि सही कुठे करायची ते दाखव.”