वरच्या घरातले बल्ब

खमीस मुशैत
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

प्रिय बिलकिसआपा,

सलाम. तुम्ही आणि छोटी आलिमा जेद्द्यात बऱ्या असाल. शराफियाला तुमच्या जाऊबाईंकडे गर्दी असली तरी थंडी नसेल. इथे डोंगरावर पहाटे चार-पाच अंशांपर्यंत पारा उतरतो.

माझे मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून हे पत्र यूनुसभाईंच्या कंपनीतल्या गुणाजींबरोबर पाठवते आहे. ते कंपनीची गाडी घेऊन सामान आणायला जेद्द्याला येत आहेत. आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. ऑगस्टमध्ये घरमालकाने गल्लीकडच्या भिंतीचं काम काढलं, तेव्हा आपल्या मीटरची पेटी हलवली. त्यात दोन घरांच्या तारा उलट जोडल्या गेल्या. माझ्या घराची वीज तुमच्या मीटरवर आणि तुमच्या घराची माझ्या मीटरवर धावू लागली.

२. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. खमीसला एसी लागत नाही, त्यामुळे दोघींची बिलं जवळपास सारखी येत होती.

३. ऑक्टोबरच्या मध्यापासून मी दोन हीटर लावले. त्यांचं बिल तुमच्या मीटरवर, म्हणजे यूनुसभाईंच्या नावावर येत राहिलं. तुमचं छोटं बिल मी माझं समजून वेळेवर भरत राहिले.

४. २६ डिसेंबरला तुम्ही आलिमाला घेऊन जेद्द्याला गेलात, आणि यूनुसभाईही किल्ली घरमालकाला देऊन कंपनीच्या कॅम्पवर राहायला गेले.

५. ३० डिसेंबरला वीज कंपनीने थकबाकीसाठी तुमच्या मीटरचा पुरवठा तोडला. अंधार माझ्या घरात झाला.

६. ४ जानेवारीला तारा सरळ करून घेतल्या. तीनही बिलांची थकबाकी मी भरली. यूनुसभाईंच्या इकाम्यावर, त्या राहण्याच्या परवान्यावर, आता काही बाकी नाही. तशी ती कधीच त्यांची नव्हती.

एवढं लिहून पत्र संपवायचं असं ठरवलं होतं.

३० तारखेला ड्यूटीवरून आले तर घर गार होतं. अ‍ॅपमध्ये पाहिलं, देणं शून्य. कंपनीत फोन केला, तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, आपका तो चालू है." मी म्हटलं, मी अंधारात उभी राहून बोलते आहे. तो पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा टॉर्च घेऊन मीटरच्या पेटीपाशी गेले. माझ्या नंबरचं मीटर जिवंत होतं, तुमचं बंद. मग घरमालकाकडून तुमची किल्ली मागून घेतली आणि वर गेले.

स्वयंपाकघरातलं बटण दाबलं आणि ट्यूब लागली.

बाकीच्या खोल्यांत बटणं दाबत गेले. काहीच लागलं नाही, कारण होल्डरमध्ये बल्ब नव्हते. ते सगळे ओट्याखालच्या फळीवर सापडले, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कुणाचा हात चुकूनही बटणाकडे जाऊ नये म्हणून तुम्ही ते काढून ठेवले असणार. आतल्या खोलीच्या खिडकीला चारी बाजूंनी यूनुसभाईंची एसीच्या डक्टवर लावायची चंदेरी पट्टी चिकटवलेली होती. हीटर खोक्यात होता आणि खोकं दोरीने बांधलेलं होतं. दोरीवर धूळ होती. तुम्ही तिघं त्या एका खोलीत कसे राहिलात ते मला तेव्हा कळलं. तुमच्या फरशीखाली माझं छत. मी खाली बिनबाह्यांच्या कपड्यात वावरत होते.

आलिमा माझ्याकडे अभ्यासाला यायची, तेव्हा दारातच स्वेटर काढायची. एकदा म्हणाली, "आंटी, आपके घर में समर है." मी हसले. तुम्हीही एकदा म्हणाला होतात, "तुझं घर किती गरम गो, आणि बिल किती कमी. माझ्याच हाताला बरकत नाही." त्यावर मी तुम्हाला इन्सुलेशन समजावून सांगितलं होतं. तुमचं वरचं घर, गच्ची तापत नाही, उष्णता निघून जाते, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मला आणखी चहा ओतलात.

दोन हीटर चालत असताना बिल इतकं कमी कसं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलंही होतं. नवीन हीटर चांगल्या प्रतीचे असतील असं म्हणून मी तो विषय सोडून दिला. हॉस्पिटलात मी दुरुस्त करते त्या डायलिसिसच्या मशीनने एवढा फरक दाखवला असता, तर मी ती उघडल्याशिवाय घरी गेले नसते.

वरच्या यादीत एक गोष्ट मी लिहिलेली नाही. ती तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये येते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे आलात. दुसरं बिल आलं होतं, यूनुसभाईंचा पगार तीन महिने अडकला होता. तुम्ही म्हणालात, "तुझ्या कार्डावरून भरून टाक, आम्ही थोडे थोडे करून फेडू." मी म्हटलं, आधी वर येऊन बघते. मी आले. घरात न शिरता पेटीतलं तुमचं मीटर पाहिलं, ते धावत होतं. मग यूनुसभाईंच्या समोर मी म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत, आपा. घरात कुठेतरी जळतंय."

यूनुसभाईंनी तुमच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "ऐकलंस? मी साइटवर मरतो नि तू दिवसभर काय जाळतेस?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जिना उतरून खाली आले. कार्डाचं तर पुन्हा कुणी काढलंच नाही.

त्या दिवशी एक साधी गोष्ट करायची राहिली. तुमचा मेन स्विच बंद करून मीटर थांबतं का ते बघायचं. शिकाऊ मुलगाही आधी तेच करेल. मी केलं नाही, कारण मी तोवर ठरवून टाकलं होतं. एक अडचणीतलं घर आणि एक इंजिनियर बाई, यात कोण चुकलं असणार हे मला आधीच माहीत होतं.

यूनुसभाईंना मी परवा भेटले. ते आता गुणाजींच्याच कॅम्पवर राहतात, सहा जणांच्या खोलीत. मी सगळं सांगितलं, उलट जोडलेल्या तारांचे फोटो दाखवले. ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "ती शपथ घेऊन सांगत होती. कुराणावर हात ठेवते म्हणाली. मी तो ठेवू दिला नाही. म्हटलं, खोटी शपथ नको." मी विचारलं, फोन केला का? तर म्हणाले, "करतो रोज. आलिमाकडे देते. तूच लिही बाय. तू खोटं ठरवलंस, तूच खरं ठरव." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

शेजारी गुणाजी भाजी चिरत होते. म्हणाले, "मॅडम, हा माणूस रात्री झोपेत पण मीटर वाचतो. वहिनींना लवकर बोलवा, आम्हाला झोपू द्या."

घरमालकाशीही बोलले. माझी अरबी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून गुणाजींना घेऊन गेले. तो मला इंजिनियर म्हणून हाक मारत म्हणाला, "मुहंदिसा, तार बदलली, खलास." मी म्हटलं, खलास नाही. तुझ्या माणसाच्या चुकीने एक कुटुंब घर सोडून गेलं. गुणाजींनी त्याचं भाषांतर माझ्यापेक्षा बरंच लांब केलं. त्यात काय काय होतं ते मला सांगायला तयार नाहीत. शेवटी घरमालक कबूल झाला: एका महिन्याचं भाडं माफ, आणि बावीस तारखेपर्यंत घर दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे. यूनुसभाईंना मी ती देऊ केली, पण ते म्हणाले, "ती आली तर मी येतो."

पंचवीस तारखेचं तुमचं गावी परत जायचं तिकीट आहे, हेही त्यांनीच सांगितलं. एकदा पासपोर्टवर कायमची एक्झिट लागली की तुम्हाला पुन्हा बोलावण्याचा खर्च त्यांना इतक्यात झेपणार नाही. अर्धा पगार या आठवड्यात आला आहे, उरलेला कंपनी महिनाअखेरीस देणार म्हणते. म्हणजे जाण्याचं कारण उरलं ते थंडी आणि बिल. त्यातलं बिल माझं होतं आणि थंडीही माझ्यामुळेच होती.

पाकिटात पैसे आहेत. पहिल्या बिलातला अर्धा भाग तुम्ही भरला होतात, तेवढेच. मी तुमचं जे छोटं बिल भरलं ते यातून वजा केलेलं नाही. करायचं असेल तर इथे येऊन भांडा.

आता दोन हीटर का, ते. तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगते. एक आतल्या खोलीत आणि एक बाहेरच्या, दाराजवळ. ड्यूटीवर जातानाही मी ते चालू ठेवायचे. बारा तासांनी कुलूप उघडलं की आतून काहीतरी अंगावर यावं, एवढ्यासाठी. माणूस नाही तर निदान ऊब. हे कुणाला सांगण्यासारखं कारण नाही. आणि वर एक माणूस रोज माझ्या पायांचा आवाज ऐकून विचारत होतं, "आलीस गो? जेवलीस?" मी खालून "हो" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

तारा सरळ केल्यापासून एकच हीटर लावते, तोही घरी असताना. संध्याकाळी कुलूप उघडलं की मी अजून क्षणभर जिन्याकडे कान देते.

वर मी काल सगळे बल्ब परत लावले. एक फुटला, तो नवा आणला. हीटर खोक्यातून काढून चालवून पाहिला, ठीक आहे. मेन स्विच बंद करून मीटर थांबतं का तेही पाहिलं. थांबतं. यूनुसभाई शेजारी उभे होते. त्यांनीही वाकून पाहिलं.

तुम्ही मला माफ करावं असं मी लिहीत नाही. ते तुम्ही यूनुसभाईंचं आणि माझं वेगवेगळं बघा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं. तुम्ही आलात आणि माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. आलिमाला मात्र अभ्यासाला पाठवा.

गुणाजी जेद्द्यात दोन दिवस आहेत. चिठ्ठी दिलीत तर आणतील, मेसेज केलात तरी पोचेल. येणार की नाही, एवढं मला गुरुवार, २२ जानेवारीपर्यंत कळवा.

तुमची
खालची बाय
सुरुची