उसवलेली पिवळी फीत

प्रिय चिमे,

तुझा निरोप मिळाला. सोमवारी अप्पा कसे गेले याची चौकशी आहे. अप्पांची फीत नीट शिवलेली नव्हती एवढं मी लिहून दिलं, की त्या गरम झऱ्याच्या स्नानगृहातल्या म्हाताऱ्याची नोकरी जाईल, असं तू म्हणतेस. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलेय.

डोंगरातलं ते गाव बघायला तू हवी होतीस गं. जिकडेतिकडे गंधकाचा वास, जुन्या दगडी कमानी, पावलांनी झिजून बशीसारख्या झालेल्या पायऱ्या. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून अप्पांचे गुडघे कामातून गेलेले, पण जीभ शाबूत! भिंतीवर कुठल्याशा राजाचं चित्र होतं, तर त्याच्या कोटाची बाही चुकलीय म्हणे.

ज्यांचं हृदय अधू, त्यांच्या मनगटावर तो म्हातारा दारातच पिवळी फीत बांधायचा. त्यांनी काठावर बसून नुसते पाय बुडवायचे, कुंडात उतरायचं नाही. लोक गाठ सोडतात म्हणून तो फितीची टोकं सुईदोऱ्याने शिवूनच टाकायचा. अप्पांनी नाक मुरडलं. टाके घालतोयस की गोणपाट शिवतोयस, म्हणाले. म्हातारा बिचारा ओशाळून हसला.

मग अप्पा काठावर बसून गळ्यापर्यंत बुडालेल्या लोकांकडे बघत राहिले. गुडघे मशीनला दिले, छाती डॉक्टरला दिली, उरलेला मी तरी एकदा भिजू दे की गं, म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी आपल्याकडे काही मागितलं होतं का, सांग.

दहा मिनिटं ते कुंडात होते. लहान मुलासारखे हसत होते. मग मान कलली. म्हाताऱ्याने कपड्यांनिशी उडी घेतली, त्यांना बाहेर ओढलं, दमेपर्यंत छाती दाबली. शेवटी त्याचं लक्ष रिकाम्या मनगटाकडे गेलं. ते बरोबर बोलले, माझाच टाका कच्चा राहिला, असं म्हणत तो चक्क माझ्या पाया पडला, चिमे. आणि मी मेली गप्प उभी राहिले.

ती फीत या पाकिटात घातली आहे. उजेडात धरून बघ. टाके तुटलेले नाहीत, उसवलेले आहेत. एकेक दोरा, कापडाला ओरखडा न येता, अप्पांनी आपल्या दोघींना शिकवलं तसे. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून माझ्या पर्समधल्या कात्रीने मीच उसवले. सोमवारी मी येऊन हेच सांगणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

अजूनही म्हणशील तर तुझीच,
ताई