दाढदुखीवरची मिश्री

परभणी, ३ नोव्हेंबर २०२५

ती. केवळाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन अमृतदादा उचलतो आणि स्पीकर लावतो, म्हणून हे पत्र. बारावीचा अभ्यास बरा चाललाय. तुझ्या चकल्या होस्टेलच्या पोरींनी दोन दिवसांत फस्त केल्या. डब्यातली मिश्रीची डबी मात्र यापुढे पाठवू नकोस.

कॉलेजात दातांचं शिबिर झालं. माझ्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. मिश्री आजच सोडली तर तो बहुतेक जाईल, नाहीतर पुढे कॅन्सरची भीती आहे, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. अठराच्या आतल्या मुलीला तंबाखू विकणं गुन्हा आहे, दुकानदार कोण, असंही त्यांनी विचारलं. कुणी विकली नाही, घरचीच आहे, असं मी सांगितलं. सातवीत दाढ ठणकली तेव्हा तू लावलीस, ती सुटलीच नाही. सतरा तारखेला आईला घेऊन बोलावलंय. आत्या, मला लय भीती वाटते. आईला कसं सांगू?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी निकी

सोनपेठ, ८ नोव्हेंबर

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दुकानातच रडत बसले. मागच्या साली हेडमास्तर आले होते. शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकता येत नाही म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले, मिश्री म्हणजे दातवण, तंबाखू नव्हे म्हणून. तंबाखू स्वतःच तव्यावर भाजते, तरी तसंच समजत आले बघ.

पुड्या सगळ्या उकिरड्यात पुरल्या. मीही सोडलीय. डोकं भणभणतं, अमृतवर उगाच खेकसते. तुला खेकसावं वाटलं तर मला फोन कर, माझा हक्कच आहे त्यावर.

उद्या पाथरीला जाते. वहिनीला मीच सांगते. बोलणी माझ्या वाट्याची आहेत.

या चुकल्या आत्याला अंतर देऊ नकोस.
केवळा

पाथरी, १२ नोव्हेंबर

चि. निकीस आईचे आशीर्वाद.

वन्सं येऊन सगळं सांगून गेल्या. मी त्यांना काही बोलले नाही, उलट जेवू घालून पाठवलं. दहावीत तुझ्या दप्तरात डबी सापडली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिच्यातली चिमूटभर मीच रोज चोरून घेत होते, कोणत्या तोंडाने बोलणार?

सोमवारी पहिल्या गाडीने येते. मॅडमना आधी माझं तोंड दाखवायचं आहे. मला लय भ्या वाटतं बाळा, तू जवळ उभी राहा.

तुझी आई
राजेश्री